खरातांच्या सीटचं दुसरं माप

नवशिक्या माणसाला सायकल दोनदा बसवून द्यावी लागते, हे गिऱ्हाइकांना पटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि फारसं कोणाला पटलं नाही.

पहिल्यांदा सीट मुद्दाम खाली ठेवायची. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, म्हणजे तोल गेला तरी माणूस पाय टेकवून उभा राहतो. हँडल थोडं वर घ्यायचं. ब्रेकच्या मुठी बोटांच्या जवळ आणायच्या. पुढचा ब्रेक किंचित ढिला ठेवायचा, कारण घाबरलेला माणूस दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबतो आणि हँडलवरून पुढे जाऊन पडतो. हे झालं शिकण्याचं माप.

महिनाभराने तोल आला, की सीट वर घ्यायची. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात जरासा बाक उरला पाहिजे. आता जमिनीला फक्त चवडे लागतात. हे चालवण्याचं माप. हे घेतलं नाही तर माणूस आयुष्यभर गुडघे छातीशी आणत, बेडकासारखा पायडल मारत राहतो. दम लागतो, गुडघे जातात, आणि दोष सायकलला मिळतो.

पण दुसऱ्या मापासाठी कोणी येत नसे. सायकल चालतेय ना, मग दुकानात कशाला जायचं? मी प्रत्येकाला बजावायचो, "महिन्याने या हां, फुकट करून देतो." माणसं "हो हो" म्हणत आणि जात. पुढे रस्त्यात कुठेतरी दिसत, तशीच, गुडघे बाहेर फाकून. मुलांच्या बाबतीत उलटंच व्हायचं. बाप म्हणायचा, पोरगा वाढेल, सायकल काही वाढणार नाही, मोठीच द्या. मग ते पोर दोन वर्षं टोकावर बसून लोंबकळत शाळेत जायचं.

मी मूळचा बदलापूरजवळच्या बेलवलीचा. घरची भातशेती होती, तीन भावांना पुरेल एवढी नव्हती. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपसेठच्या सायकलच्या दुकानात लागलो. तेव्हा सायकल म्हणजे काळी, उंच, डबल दांडीची. दूधवाले, पाववाले, कंपनीचे कामगार, सगळ्यांना एकच. फिटिंग करताना विचारायचं काही नसे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच त्याच्या पायांच्या लांबीचा अंदाज मी घेऊन ठेवायचो.

नव्वद सालानंतर मात्र खोक्यातून नवीनच सायकली यायला लागल्या. आडवं सरळ हँडल, जाड दातेरी टायर, उतरती दांडी, काहींना गिअर. एमटीबी. मी सेठला विचारलं, "सेठ, एमटीबी म्हणजे काय?"

"पहाड की साइकिल."

"आपल्याकडे पहाड म्हणजे मलंगगड. तिथे सायकल कोण नेणार?"

"काशिनाथ, तू पहाड मत देख," सेठ म्हणाले, "तू खोका खोल."

खोका उघडला आणि मला ती सायकल आवडली. खरं सांगायचं तर प्रेमातच पडलो. जुन्या सायकलीत सीट बोटभर वर न्यायची तर बोल्ट गंजलेला, दांडी अडकलेली. हिची दांडी लांब होती, माणसाला हवी तशी बसवता येत होती. इतकी वर्षं मी सायकलच्या मापाने माणसं बसवत होतो. आता माणसाच्या मापाने सायकल बसवायची सोय झाली होती.

त्याच सुमाराला सुदाम खरात दुकानात आले.

चाळिशी ओलांडलेले, अंगाने आडवे, शर्ट इस्त्रीचा. अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. सोबत पत्नी होती, निर्मलावहिनी. एकुलत्या एका मुलीचं लग्न उरकलं होतं आणि दोघांनी बदलापूरला शिरगावात स्वतःची खोली घेतली होती. खोली झाली, पण पहाटेच्या पाळीला शिरगावहून कंपनीत जायला वाहन मिळेना. त्या वेळी रिक्षा सुरू झालेल्या नसत, कंपनीची गाडी फक्त अंबरनाथपर्यंत. दोनदा उशिरा पोहोचल्यावर सुपरवायझरने त्यांना समज दिली होती.

खरातांनी सगळ्या सायकली पाहिल्या आणि एका लाल एमटीबीच्या टायरवर हात ठेवला.

"ही बरी वाटते. टायर जाड आहेत. ही पटकन पडणार नाही ना?"

गोपसेठ गल्ल्यावरून ओरडले, "साईं, गिरने की बात ही मत करो! ये तो पेड़ जैसी खड़ी रहती है."

मी सायकल स्टँडवर लावली आणि खरातांना बसायला सांगितलं. त्यांनी हँडल धरलं आणि पाय टाकायचा कसा हेच त्यांना कळेना. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मिस्त्री, एक सांगायचं होतं. मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं असणार, कारण त्यांनी लगेच आमच्याकडे पाठ केली आणि रस्त्यावरच्या हातगाडीकडे टक लावून बघायला लागल्या.

मोठ्या वयात शिकणारी माणसं मी पाहिली होती, पण ज्याला नोकरीसाठी शिकायचंय आणि ज्याला पडण्याची एवढी धास्ती आहे असा हा पहिलाच. मी त्यांचं पहिलं माप मन लावून घेतलं. सीट इतकी खाली आणली की त्यांचे पाय जमिनीवर पाट टाकल्यासारखे टेकले. त्यांची बोटं आखूड होती, म्हणून ब्रेकच्या मुठी आतल्या स्क्रूने जवळ घेतल्या. मग म्हटलं, "साहेब, मी पलीकडे बेलवलीलाच राहतो. दुकान बंद असतं त्या दिवशी मी येतो शिरगावात. मैदान आहे ना जवळ?"

"विहाराच्या मागे आहे," वहिनी वळून म्हणाल्या. एवढंच त्या दुकानात बोलल्या.

सुट्टीच्या सकाळी मी गेलो तर मैदानात आधीच पोरांची गर्दी. खरात सायकलवर, वहिनी मागून सीटला धरून पळतायत, असा देखावा. पोरं मागून ओरडत होती, "काका, ब्रेक! ब्रेक!" आणि खरात खरंच ब्रेक दाबून कोसळत होते. एकदा गटाराच्या कडेला गेले, एकदा थेट विहाराच्या कुंपणात.

वहिनी मागून सांगत होत्या, "पुढं बघा, पुढं. चाकाकडं नका बघू. ज्याच्याकडं बघाल त्याच्यावरच जाल."

मी थबकलो. सायकल न येणारा माणूस हे सांगू शकत नाही. न येणारा म्हणतो, "सांभाळून." मी वहिनींकडे नीट पाहिलं.

आणखी दोन-तीनदा पडल्यावर खरात चिडले. कोपर सोललं होतं, पोरं हसत होती, विहाराच्या पायरीवर दोन ओळखीची माणसं येऊन बसली होती. ते उठले आणि पत्नीला म्हणाले, "नुसतं मागून बोलायला काय जातंय तुझं? बसून दाखव तू."

वहिनींनी सायकल उचलली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, सीट जरा वर घ्या."

मी पाना काढला. मी सीट वर ओढतोय तोवर त्यांनी सीट काखेत धरली आणि हात लांब करून बोटं पायडलच्या मधल्या आसाला लागतात का ते पाहिलं. हे माप मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. मी ते कोणा गिऱ्हाइकाला कधी दाखवलं नव्हतं.

"बास, इथं आवळा," त्या म्हणाल्या.

पदर कमरेला खोचला, साडी जराशी वर घेतली, एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने दोनदा जमीन रेटली आणि त्या निघाल्या. मैदानाला एक पूर्ण फेरी. वळणावर आतल्या बाजूला झुकल्या, खड्ड्याशी सीटवरून किंचित उठल्या, पुन्हा बसल्या. पोरं गप्प झाली होती. दुसऱ्या फेरीला त्यांनी उगाचच घंटी वाजवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेलो नाही. आपण कुठे आहोत, कोण बघतंय, याचं त्यांना काही भान नव्हतं.

मग ते भान आलं, आणि त्या उतरल्या.

खरात कुंपणाच्या दगडावर बसले होते. "कधी शिकलीस?"

"लहानपणी. दादाची होती. तिच्यावरच शाळेत जायचे तालुक्याला."

"मला कधी बोलली नाहीस."

वहिनींनी सायकल स्टँडला लावली. "तुम्हाला येत नव्हती ना," त्या म्हणाल्या.

मग खरातांनी गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाले, "अगं, मग सकाळपासून मला पाडत कशाला बसलीस? आधी सांगायचंस की!" आणि ते हसायला लागले. विहाराच्या पायरीवरची माणसं हसली, मी हसलो, पोरं तर लोळायला लागली. खरातांचं हसू मात्र आमच्या आधी थांबलं. ते मला दिसलं आणि वहिनींनाही दिसलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "भाऊ, सीट होती तिथं खाली करा. यांना उशीर होतोय शिकायला."

खरात शिकले. त्या आठवड्यातच शिकले. पहाटेच्या पाळीला वेळेवर जायला लागले. एकदा मुद्दाम उल्हासनगरला येऊन सेठला पेढा दिला. मी म्हटलं, "साहेब, आता दुसरं माप." ते म्हणाले, "येतो, पाळी बदलली की येतो."

पाळी बदलली, पुन्हा बदलली. मधे मी एका कंपनीत सायकली पोहोचवायला टेम्पोतून एमआयडीसीत गेलो होतो, तेव्हा ते समोरून येताना दिसले. तेच, गुडघे बाहेर. मी टेम्पो थांबवला.

"खरातसाहेब, अहो काय हे! सीट वर घ्यायची राहिलीय."

"मिस्त्री, तुमचं बरोबर आहे. पण मागून टँकर आला की पाय जमिनीला लागलेले बरे असतात."

"टँकर आल्यावर चवडे लागतात की."

"चवड्यावर माझा भरवसा नाही," ते हसून म्हणाले. "रात्री ही गुडघ्याला तेल लावून देते. ती पण तेच म्हणते, सीट वर घ्या. येतो. या सुट्टीला नक्की येतो."

मला वाटतं ते खरंच आले असते. पण त्याच्या आधी कंपनीच्या फाटकावर नोटीस लागली. सकाळच्या पाळीची माणसं पोहोचली तर आतून कुलूप. युनियन आणि मालकांची बोलणी चालू होती एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुलूप लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. कामगारांनी फाटकासमोर ताडपत्री बांधली आणि बसले. खरात रोज पाळीच्या वेळेला घरून निघायचे, सायकलने जायचे, ताडपत्रीखाली बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला परत यायचे. पावसाळा आला, गेला. ताडपत्रीखालची माणसं कमी होत गेली. कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झालं. एक दिवस खरातही गेले नाहीत.

हे मला नंतर कळलं. कळलं ते असं की एका दुपारी निर्मलावहिनी एकट्या दुकानात आल्या. बरोबर ती लाल सायकल.

"चालवत आलात? शिरगावहून?"

"हो."

"सीट तर खालीच आहे! गुडघे भरून आले असतील."

"म्हणूनच आले. सीट वर घ्यायची आहे."

मला इतका आनंद झाला की मी सेठला ओरडून सांगितलं, "सेठ, खरातसाहेबांना पटलं एकदाचं!" मग वहिनींना म्हटलं, "पण त्यांना आणायचं होतं ना बरोबर. माप त्यांच्या पायाचं घ्यावं लागेल."

"त्यांच्यासाठी नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."

औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीत त्यांना पॅकिंगचं काम मिळालं होतं, एमआयडीसीतच. सोमवारपासून जायचं होतं. मी पाना घेतला. त्यांनी पुन्हा सीट काखेत धरून माप दाखवलं, पण मैदानातल्यासारखं नाही. डोळे खाली होते. मी हँडल पुढे करून दिलं, पुढचा ब्रेक आवळला, कारण त्यांना तो वापरता येत होता. नवा पंजाबी ड्रेस शिवायला टाकला होता, तेव्हा सलवार अडकू नये म्हणून चेनला पत्र्याचं कव्हर लावलं. एमटीबीला ते बसत नाही, मी पट्ट्या वाकवून बसवलं. मी बसवलेल्या सायकलींमध्ये इतकी अंगाला चपखल बसलेली सायकल दुसरी आठवत नाही.

सेठने स्वतः उठून एक मोठी घंटी आणून दिली. "बहनजी, टँकरवाले बहरे होते हैं. ये लगाओ."

निघताना वहिनी हँडलवरून हात फिरवत म्हणाल्या, "शाळेत असताना वाटायचं, आपली स्वतःची सायकल असावी. दादाची नको, आपली." मग म्हणाल्या, "अशी नको होती मात्र."

मी टायरमधली हवा पाहिली. भरलेलीच होती.

पुढे त्या सर्व्हिसिंगला नेमाने यायच्या. सायकल बघितली की ती कोण कसं चालवतं ते कळतं. टायर एकाच जागी झिजला असेल तर माणूस ब्रेक कसा मारतो ते समजतं, पायडलवरून चप्पल कुठली ते समजतं. वहिनींची सायकल स्वच्छ असायची. फक्त सीटच्या दांडीवर उभे ओरखडे होते, खालपासून वरपर्यंत, आणि बोल्टचे कोपरे झिजून गोल झाले होते. कोणीतरी सीट सारखी खालीवर करत होतं.

मला वाटलं, खरात चालवायला लागले! मी विचारलं, "साहेब पण नेतात का सायकल?"

"नाही."

"मग ही सीट?"

वहिनींनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी आले की खाली करून ठेवते. सकाळी निघताना वर घेते."

"रोज?"

"कधी त्यांच्या मनात आलं, की जरा जाऊन येतो, तर सीट त्यांच्या मापाची असावी. वर दिसली तर त्यांना वाटेल, सायकल आता आपली राहिली नाही."

नव्या एमटीबींना तेव्हा सीटच्या बोल्टऐवजी हाताने फिरवायची खिट्टी यायला लागली होती. खिट्टी उघडली की सीट सुटते, दाबली की पक्की. पान्याची गरज नाही. मी दुकानातली एक काढून त्यांच्या सायकलला लावली. त्यांनी ती दोनदा उघडून मिटून पाहिली. दांडीवर मी दोन ठिकाणी रंगाच्या खुणा करून दिल्या, वरची त्यांची, खालची खरातांची. कारागिराला जे सुचतं ते केलं. त्याने घरातलं काही सुटत नाही हे मलाही कळत होतं.

मग एका सुट्टीला मीच शिरगावात गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. खरात खोलीत पलंगावर बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचाच. सायकल बाहेर भिंतीला लावलेली, सीट खाली.

"जय भीम, साहेब."

"या मिस्त्री. जय भीम." त्यांनी स्वतः उठून चहा केला. इकडचं तिकडचं बोललो. सेठची तब्येत, माझी मुलं, त्यांच्या मुलीचं सासर. कंपनीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "सायकल छान ठेवलीय वहिनींनी."

"हो. रोज संध्याकाळी सीट खाली करते," खरात म्हणाले. "खिट्टीचा आवाज येतो मला आतमध्ये. पहाटे परत येतो. तिला वाटतं मी झोपलेला असतो."

"मग साहेब, बसा की एकदा. मैदानापर्यंत तरी. मी येतो बरोबर."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले नव्हते.

"मिस्त्री, सायकल आहे, सीट पण आहे," ते म्हणाले. "जाऊ कुठे, तेवढं सांगा."

ज्याची सायकल कंपनीच्या फाटकाशी जाऊन थांबत होती, त्याला नुसतं फिरून या म्हणायला आम्ही सगळे पुढे होतो.

नोकऱ्या त्यांनी शोधल्या नाहीत असं नाही. दोन ठिकाणी वॉचमन म्हणून उभे राहिले. एका ठिकाणी रात्रभर उभं राहून गुडघे सुजले आणि सोडावं लागलं. ते गुडघे बघितले की मला माझं दुसरं माप आठवायचं. गुडघे काही नुसत्या सीटने जात नाहीत हे मला कळतं. तरी आठवायचं.

नंतर गावाकडच्या भावाचा निरोप आला. नगर जिल्ह्यात त्यांच्या गावी एका शाळेत शिपायाची तात्पुरती जागा होती, राहायला भावाचं घर होतं. खरातांनी जायचं ठरवलं. वहिनींची नोकरी इथे, खोली इथे, म्हणून त्या इथेच राहणार. "सहा महिने बघू," असं दोघं म्हणत होते.

निघायच्या दिवशी मी गेलो होतो. एक बॅग आणि एक गाठोडं. वहिनींनी बॅग सायकलच्या हँडलला अडकवली, गाठोडं सीटवर ठेवून दोरीने बांधलं. मी म्हटलं, "रिक्षा आणतो." खरात म्हणाले, "नको, चालू. वेळ आहे." मग आम्ही तिघं शिरगावातून स्टेशनकडे चालत निघालो, वहिनी एका बाजूने सायकल धरून, खरात दुसऱ्या बाजूने गाठोड्यावर हात ठेवून. वाटेत ते वहिनींना सांगत होते, वीजबिल कुठे भरायचं, नळाचा वॉशर गळतोय तो कोणाकडून बदलून घ्यायचा. त्या "हं, हं" म्हणत होत्या. त्यांना हे सगळं माहीत होतं.

स्टेशनच्या बाहेर त्यांनी स्वतः गाठोडं सोडलं. सीट मोकळी झाली. त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे ती खालीच होती, त्यांच्या खुणेवर. खरातांनी वाकून खिट्टी उघडली, सीट वर ओढली, वरच्या खुणेशी आणली आणि खिट्टी तळव्याने जोर लावून बंद केली. मग सीट हलवून पाहिली.

"पक्की बसली," ते म्हणाले. "आता राहू दे वरच."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सुट्टीला याल तेव्हा लागेल ना."

"लागली तर सांगेन."

मला म्हणाले, "मिस्त्री, हिच्या ब्रेकांकडे लक्ष ठेवा." मी मान हलवली. ते बॅग खांद्याला लावून जिना चढले. गुडघ्यामुळे एकेक पायरी थांबून चढत होते. मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहायला कठडा सोडावा लागला असता.

सहा महिन्यांचं एक वर्ष झालं, मग पुढे तेच चालू राहिलं. शिपायाची जागा कायम झाली नाही पण सुटलीही नाही. दिवाळीला आणि चैत्यभूमीला जायच्या वेळेला ते येत, चार दिवस राहत. भांडण कधी नव्हतं. लोक विचारत, तेव्हा दोघंही एकमेकांबद्दल चांगलंच बोलत. वहिनी त्या कंपनीत सुपरवायझर झाल्या. त्यांच्याकडे बघून पॅकिंगच्या आणखी काही बाया सायकल शिकल्या आणि त्यांना मी सायकली बसवून दिल्या. त्यातल्या बऱ्याच जणी महिन्याने दुसऱ्या मापाला आल्या, कारण वहिनी त्यांना धरून आणायच्या. माझ्या धंद्यात एवढं यश मला दुसऱ्या कोणी दिलं नाही. सेठ चेष्टा करायचे, "काशिनाथ, तेरी पाठशाला खुल गई." मी हसायचो. पण दर वेळी त्या बायांच्या घोळक्यात वहिनींचा चेहरा बघून मला तो स्टेशनचा दिवस आठवायचा.

त्या दिवशी गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही जिन्याच्या पायथ्याशी थांबलो होतो. मग मी म्हटलं, "वहिनी, बसा सायकलवर, ऊन वाढतंय. मी पलीकडे जातो."

"आज चालतच जाते, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी पुलावर चढून खाली पाहिलं. बाजाराच्या गर्दीतून त्या सायकल हातात धरून चालल्या होत्या, उंच सीटवर एक हात ठेवून. कोपऱ्यावरचा एक भाजीवाला त्यांना हाक मारून सांगत होता, "ताई, पंक्चर झाली का? पुढे डाव्या हाताला दुकान आहे."